बस जरा, आलोच

१

माझा दिवस खुर्च्यांपाशी सुरू होतो आणि खुर्च्यांपाशीच संपतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. सोफे, खुर्च्या, स्टुलं, दवाखान्यातली बाकडी, जे म्हणून माणसाच्या बुडाखाली जातं ते मी मढवून देतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही. तरुणपणी एक मोडकी आरामखुर्ची उसवून आत काय आहे ते बघितलं आणि परत शिवली, तर ती पहिल्यापेक्षा बरी झाली. तेव्हापासून उसवणं आणि शिवणं चालू आहे. दिवसभरात काय घडलं ते संध्याकाळी लिहून काढायची सवयही अशीच आपली आपण लागली. सिगारेट तेवढी एका मित्राने शिकवली. फुकट शिकवलेल्या गोष्टी जन्मभर पुरतात.

चिमणी, म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, गरोदर होती तेव्हा तिचा फोन आला.

"बाबा, आधीच सांगते. बाळ झालं की मी तुमच्याकडे येणार नाहीये."

"का गं? काय झालं?"

"वास. पडद्यांना वास, उशांना वास. तुमच्या मिशीलासुद्धा. तान्ह्या बाळाला असल्या घरात नाही आणणार मी."

"बरं, मग आम्ही येतो तिकडे."

"मिशी घरी ठेवून येणार का?"

फोन स्पीकरवर होता. ही, म्हणजे चिमणीची आई, स्वयंपाकघरातून खदखदून हसली. मी काही हसलो नाही. नातवंड मांडीवर घ्यायचं नाही म्हणजे काय? एवढ्या जगाला बसायला जागा करून दिली, आणि माझीच मांडी रिकामी राहणार?

"सोडतो," मी म्हणालो.

"तुम्ही पूर्वीही सोडलीय, बाबा. दातओठ खाऊन. म्हणून तर टिकत नाही."

चिमणी व्यसनं सोडवायच्या एका केंद्रात काम करते. लोकांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, हेच तिचं काम. तिने मला समजावलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "इच्छा आली की तिच्याशी कुस्ती खेळू नका. तुम्ही जोर लावलात की तीही लावते. तिला पाहुण्यासारखं वागवा. म्हणा, बस जरा, आलोच. आणि आपल्या कामाला लागा. थोड्या वेळाने बघाल तर ती गेलेली असते."

तिचे बाकीचे लोक हे मनातल्या मनात करत असतील. पण मी पडलो खुर्च्यांचा माणूस. बस म्हणायचं तर बसायला काहीतरी हवं ना? मी खरीखुरी खुर्ची मांडली.

२

ती खुर्ची मी स्वतःसाठी बनवली होती. म्हातारपणी बसायला म्हणून. लाकूड तासण्यापासून सगळं माझ्या हातचं. खाली पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग कापूस, वरून हिरवं कापड. उंचीचं माप माझ्याच पायांचं: बसलो की दोन्ही टाचा जमिनीला नीट टेकतात, गुडघ्याला रग लागत नाही. हे सांगतो ते एवढ्यासाठी की त्या खुर्चीत माझ्या नकळत काही असणं शक्य नव्हतं. ती जुनी नव्हती, कुणाच्या वापरातली नव्हती, लिलावातून आलेली नव्हती. तिचा जन्म मी बघितला होता.

मधल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून मी ती ठेवली. सकाळच्या चहानंतर पहिली तलफ आली. छातीत ओळखीचं कुरतडणं सुरू झालं. मी खुर्चीकडे हात करून म्हणालो, "बस जरा, आलोच." आणि खिळे ठोकायला गेलो. एका सोफ्याची पाठ मढवून झाली तेव्हा आठवलं, अरे, आपल्याला सिगारेट ओढायची होती. होती खरी. आता नव्हती.

मी नाचलोच. या वयात, हातात हातोडी घेऊन.

घरात आम्ही तिघं. मी, ही, आणि हिचे वडील अण्णा. अण्णा पोस्टमन होते. आयुष्यभर पायी फिरले आणि निवृत्तीनंतर साखर वाढली. त्यांनी माझा प्रयोग दोन दिवस दारातून बघितला आणि मग म्हणाले, "जावईबापू, तुमच्या खुर्चीत आमची पण एक सोय करा की."

"कुणाची सोय?"

"बिस्किटांची."

त्यांची बोलवायची तऱ्हा वेगळी. डब्याकडे हात गेला की ते थबकायचे आणि खुर्चीकडे वळून अदबीने म्हणायचे, "या, बसा. पाणीबिणी मिळणार नाही."

मग हिनेही सुरू केलं. हिची इच्छा म्हणजे फोन. चिमणीला दिवसातून दहा वेळा फोन करून काय खा, कशी झोप, कोणत्या कुशीवर वळ, हे सांगायचं. चिमणी वैतागली होती. हाताला फोनची खाज सुटली की ही आता म्हणे, "बसा बाई, भाजी चिरून झाली की येते." भाजी चिरून व्हायची आणि फोन राहून जायचा.

एक नियम अण्णांनी घातला. त्या खुर्चीत घरातल्या कुणी बसायचं नाही. "आधीच गर्दी आहे," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

३

ते दिवस फार सुखाचे गेले. नाकाला वास यायला लागले. ताज्या लाकडाला इतका गोड वास असतो हे मी पार विसरलो होतो. जिना चढून वर गेलो तरी बोलता यायचं. अण्णांची साखर उतरली आणि त्यांनी औषधवाल्याला मिठी मारली. चिमणी आता आपणहून आईला फोन करायला लागली, तेव्हा हिने फोन ठेवून माझ्यासमोर गिरकी घेतली.

पडदे धुतले, उशा उन्हात घातल्या, मिशीसुद्धा काढली. "अहो, तुम्हाला वरचा ओठ आहे!" ही म्हणाली.

आणि मग नात झाली. गुटगुटीत, काळ्याभोर जावळाची. फोटो बघून अण्णा म्हणाले, नाक आमचं. ही म्हणाली, कपाळ आमचं. मी म्हणालो, जे उरलं ते माझं. बाळाने जरा बाळसं धरलं की चिमणी तिला घेऊन येणार होती. दीड महिन्याने, शनिवारी.

त्या आनंदात खुर्चीवर फडकं मारताना माझा हात थांबला.

नव्या खुर्चीची गादी मधोमध फुगीर असते. ती तशीच भरावी लागते, कारण बसून बसून ती दबते. ही गादी दबलेली होती.

४

पहिला संशय अण्णांवर गेला. मी त्यांना एकटं गाठलं.

"अण्णा, खरं सांगा. दुपारी खुर्चीत बसता ना?"

"नियम कुणी घातला? मी."

"म्हणून तर विचारतोय. नियम घालणाराच तो मोडतो."

"मी बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं," ते म्हणाले. खरंच होतं ते. अण्णांनी डाव्या खांद्यावर थैली वाहिली, ते कायम डावीकडे कलून बसतात. त्यांच्या पलंगावर, बाकावर, जिथे बसतील तिथे डावी बाजू खचते. आमची ही पाय वर घेऊन बसते, तिची गादी मागे दबते. माणसाचा चेहरा खोटं बोलेल, पण बैठक बोलत नाही. गादी बघून मी सांगू शकतो की इथे बसणारा जाड आहे की बारीक, दुखणाईत आहे की आळशी.

या गादीत डावं-उजवं काही नव्हतं. पाठ अगदी कोरी होती, तिला कुणी टेकलंच नव्हतं. मधला भाग थोडा दबला होता. आणि पुढची कड, जिथे मांड्या संपतात ती, पार मेली होती.

अशी गादी मी एकाच ठिकाणी बघितलीय. दवाखान्यात, डॉक्टरांच्या दाराबाहेर. तिथली बाकडी मी मढवतो. त्यांच्या पाठी वर्षानुवर्षं नव्या राहतात आणि पुढची कड आधी जाते. ज्याला आत्ता बोलावतील असं वाटत असतं, तो टेकून बसत नाही. कडेवर बसतो.

मी स्वतःला समजावलं. हवा दमट आहे. कापूस हलका निघाला असेल. आपण घाईत भरली असेल. मग आठवलं, घाई मी कधीच करत नाही.

५

चिमणी यायच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी मी ती खुर्ची कामाच्या खोलीत न्यायला गेलो, उसवून बघावी म्हणून. तीच खुर्ची मी एका हाताने उचलून इथे आणली होती. आता ती जागची हलेना. अण्णा आले, त्यांनी एक बाजू धरली. आम्ही दोघं लाल झालो.

"पायांना पॉलिश होतं ना?" अण्णा धापा टाकत म्हणाले. "फरशीला चिकटलं असेल."

"असेल," मी म्हणालो.

मग मी तिथेच आडवा होऊन खालून बॅटरी मारली. पट्टे जमिनीच्या दिशेने लोंबत होते. पुढच्या ओळीतल्या स्प्रिंगा पूर्ण मिटल्या होत्या, वेटोळ्यावर वेटोळं बसलं होतं. रिकाम्या खुर्चीत. मी बोट लावून बघितलं. त्या ताणाने थरथरत होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "बसा बाई, कुकर झाला की येते." आणि माझ्या नाकासमोर ते पट्टे आणखी बोटभर खाली आले. कुर्रर्र. अगदी हळू, जसं कुणी जपून बसावं.

मी बाहेर सरकलो तेव्हा माझं डोकं दोनदा फळीवर आपटलं.

हा आवाज मी ऐकलेला होता. खिळे ठोकताना, टाके घालताना, मधल्या खोलीतून तो अधूनमधून यायचा आणि मी म्हणायचो, नवं लाकूड आहे, बोलणारच. आता पहिल्यांदा विचार केला. बसल्याचा आवाज अनेकदा ऐकला. उठल्याचा आवाज वेगळा असतो. स्प्रिंग सुटते, गादी श्वास घेते. तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

मी हिला सांगितलं. हिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"तुम्ही त्यांना काय म्हणता?" तिने विचारलं.

"बस जरा, आलोच."

"आणि मग जाता?"

"कुठे?"

"त्यांच्याकडे."

"नाही. तेच तर करायचं नसतं."

"मीही नाही जात," ही म्हणाली. तिचे हात थांबले. "म्हणजे आपण सगळ्यांना बसवून ठेवलंय. आणि ते बिचारे वाट बघतायत."

बिचारे म्हणताना ती हसली. मग मधल्या खोलीच्या दाराकडे बघून हसायची थांबली.

"त्यांना जा म्हणून सांगा की," ती हळूच म्हणाली.

"पाहुण्याला?" अण्णा दारातून म्हणाले. ते कधी आले होते कळलंच नाही. "या म्हणायचं, बसा म्हणायचं. जा कोण म्हणतं? जीभ तरी वळेल का?"

मी जीभ वळवायचा प्रयत्न केला. खुर्चीसमोर उभा राहिलो, घसा साफ केला. पण शब्द फुटेना. भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. इतके दिवस शब्द देऊन टांगत ठेवलं आणि आता वर हाकलायचं?

"एकाला तरी भेटून घ्या," ही मागून कुजबुजली.

"म्हणजे सिगारेट ओढू?"

चिमणी परवा येणार होती.

"नको," ती म्हणाली. "शनिवार होऊ दे. मग बघू."

६

शनिवारी सकाळी घर असं लखलखत होतं की अण्णा म्हणाले, आपण चुकून दुसऱ्यांकडे तर नाही ना आलो? खिडक्या सताड उघडल्या होत्या. ही पहाटेपासून गुणगुणत होती. मी दाढी एकदा केली, मग परत केली.

जीप थांबली. चिमणी उतरली, मागून जावई बाळाची टोपली घेऊन उतरले. उंबऱ्यातच चिमणी थांबली आणि नाक वर करून लांब श्वास घेतला. आम्ही तिघं रांगेत उभे होतो, परीक्षा असल्यासारखे.

"साबण," ती म्हणाली. "लाकूड. आणि काहीच नाही." तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही खरंच केलंत."

"मिशीही नाहीये," मी म्हणालो.

मग एकच गलका झाला. ही चिमणीला धरून रडली, अण्णा जावयाला बाळाचं नाक आपल्याकडून कसं आलं ते समजावू लागले, चहा उतू गेला, कुणीतरी टोपी शोधत होतं. इतका आनंद त्या घराने माझ्या देखत कधी बघितला नव्हता.

टोपली कुठे होती?

"मधल्या खोलीत ठेवलीय," जावई म्हणाले. "छान वारा आहे खिडकीचा. हिरव्या खुर्चीजवळ."

मी दाराशी गेलो. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. टोपलीत उताणं पडून ते वर, खुर्चीच्या पाठीच्या जरा पुढे, जिथे बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे टक लावून बघत होतं. आणि हसलं. ते दात नसलेलं, आख्ख्या तोंडाचं हसू. कुणीतरी आपल्याकडे बघून हसलं की बाळं हसतात तसं.

माझ्या पाठीमागचा गलका मला लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. मी गादीकडे बघितलं. पुढची कड आणखी दबत होती. असं कधी होतं ते मला माहीत आहे. बसलेला माणूस उठायच्या आधी पुढे झुकतो, सगळा भार कडेवर घेतो. किंवा खाली वाकून काही उचलणार असतो, तेव्हाही.

मग तो आवाज आला. इतक्या दिवसांत कधीच न आलेला. एक स्प्रिंग सुटली. मग दुसरी.

"आलो," मी म्हणालो. "आलो, आलो. बसा, उठू नका." धावत जाऊन, टोपली पायाने बाजूला सारून, मी वळलो आणि खुर्चीत बसलो.

७

सगळं एकदम अंगावर आलं. महिनोन् महिने थोपवलेली प्रत्येक सिगारेट. मला कधीच न आवडलेली बिस्किटं. कुणाला तरी फोन करून, जेवलीस का, झोपलीस का, विचारायची तगमग. मी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट दाबले आणि चिमणीचं म्हणणं आठवलं: कुस्ती खेळू नका. मी खेळलो नाही. नुसता बसून राहिलो. म्हटलं, आलोय ना मी, आता काय ते एकदा भेटून घ्या. लाट आली, डोक्यावरून गेली, आणि ओसरली. आत सगळं शांत झालं. मला कशाची म्हणून इच्छा उरली नाही.

"अगं बाई, हे बघा आजोबा!" ही दारातून ओरडली. मी कुठे बसलोय ते तिच्या लक्षात आलं आणि ती जागीच थबकली. पण चिमणी तिच्या बाजूने पुढे आली होती. तिने टोपलीतून बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

वजन किती थोडं असतं त्यांचं. आणि ऊब किती. नातीने माझं बोट मुठीत धरलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. अण्णा टाळ्या वाजवत होते. जावई मोबाइल काढून म्हणत होते, सगळे इकडे बघा.

"बाबा," चिमणीने मान तिरकी करून विचारलं, "खुर्ची उंच केलीत का?"

मी खाली बघितलं. माझ्या टाचा जमिनीपासून वीतभर वर लोंबत होत्या. माझ्याच पायांच्या मापाने बनवलेल्या खुर्चीत. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या खाली जे आहे ते मऊ आहे, कोमट आहे, पण ती माझी गादी नाही. मी अजून खुर्चीला टेकलोच नव्हतो.

"हो," मी म्हणालो. "नवी गादी घातलीय."

हिने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं, पण ती हसत होती. बाळासाठी हसत होती. मीही हसलो. मांडी भरलेली होती. नात माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून, मानेच्या जरा मागे बघत होती आणि खुदुखुदु हसत होती. माझ्या मानेवर हळूच ऊब येत होती, जात होती, परत येत होती. त्या उबेला जुन्या तंबाखूचा वास होता, आणि थोडा साखरेचा.

कुणीतरी मागून अगदी जपून, बाळाला धक्का लागणार नाही अशा बेताने, माझ्या कमरेभोवती हात घातला. लहानपणी मांडीवर घेऊन पडू नये म्हणून धरतात तसा.

"इकडे बघा," जावई म्हणाले. "हसा!"

आणि मला मागे वळून बघायची इच्छा झाली. आयुष्यात इतकी अनावर इच्छा मला कशाचीच झाली नव्हती. चिमणीने शिकवलेलं मला तोंडपाठ होतं, आणि मी तोंड उघडलंही. पण या इच्छेला बसवायला खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.

मी समोर बघून हसलो. अजून समोरच बघतोय.